आसेची खाण : पिंपावरचा आकडा आणि पिंपातला कचरा

२०१० साली जर्मनीतल्या आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत मध्यम पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं १,२९३ वरून एकदम १६ हजारांच्या वर गेली. खाणीत नवं पिंप उतरलं नव्हतं. शेवटचं उतरलं त्याला बत्तीस वर्षं होत आली होती. जागचं काही हललं नाही, बदलला तो हिशोब. इतकी वर्षं कमी पातळीच्या कचऱ्यात मोजलेल्या सुमारे १४,८०० पिंपांच्या आत मध्यम पातळीचा कचरा आहे, हे खाण सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं उघडपणे मांडलं. त्या पिंपांभोवती काँक्रीटचा जाड थर होता. बाहेरून मोजणीयंत्र लावलं की आकडा कमी यायचा, आणि आकडा कमी म्हणून कचराही कमी पातळीचा ठरायचा.

अणुवीजकेंद्रांच्या कचऱ्यावर आपल्याकडे बोलणं निघतं ते बहुतेक वेळा जळालेल्या इंधनावरून, आणि तिथंच थांबतं. ते चुकीचं नाही, कारण किरणोत्साराचा फार मोठा वाटा त्या इंधनातच असतो. पण आसेत उतरवला गेला तो त्या मानानं किरकोळ समजलेला कचरा : गाळण्या, गाळ, आटवलेलं सांडपाणी, कामगारांचे हातमोजे आणि कपडे, प्रयोगशाळेतली भांडी, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा. आज जर्मनीचं सरकार हाच किरकोळ कचरा जमिनीखालून परत वर काढायच्या तयारीत आहे आणि त्यासाठी कित्येक अब्ज युरो मोजणार आहे. हे का घडलं याचं उत्तर सहसा ‘खाणीत पाणी शिरलं’ असं दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धं. पाणी शिरण्याच्या आधी चूक झाली होती ती कचऱ्याची प्रतवारी करताना. कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपण कचरा वेगळा करतो आहोत, हेच तिथं नीट ठरलेलं नव्हतं.

टेकडी, मीठ आणि खाण

आसे ही बीचच्या झाडांनी झाकलेली एक लांबट टेकडी आहे. लोअर सॅक्सनी राज्यात, ब्राउनश्वाइग शहराच्या आग्नेयेला, वोल्फेनब्युटेल जिल्ह्यात. पायथ्याशी रेमलिंगेन नावाचं छोटं गाव आहे. टेकडीच्या पोटात मीठ आहे, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. मिठाचा एक गुण खाणकामगारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : वरून दाब आला की ते खडकासारखं तडकत नाही, फार सावकाश वाहतं. पडलेली भेग हळूहळू आपली आपण मिटते. शिवाय मीठ अजून तिथं आहे याचाच अर्थ कोट्यवधी वर्षांत पाणी त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. किरणोत्सारी कचरा मिठात ठेवावा हा विचार यातून आला. तो मूर्खपणाचा नव्हता, आजही अनेक भूशास्त्रज्ञ तो गांभीर्यानं घेतात.

पण मिठाचा अखंड थर वेगळा आणि मिठाची खाण वेगळी. आसे–२ या खाणीतून १९०९ पासून पोटॅश निघालं, १९१६ पासून साधं मीठ, आणि १९६४ मध्ये धंदा परवडेना म्हणून काम बंद झालं. तोवर आत १३१ कक्ष खणून झाले होते. एकेक कक्ष साधारण ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच. दक्षिणेच्या बाजूला हे कक्ष एकावर एक रचल्यासारखे आहेत, आणि मीठ शक्य तितकं काढून घ्यायच्या नादात ते थराच्या कडेपर्यंत नेले गेले. काही ठिकाणी कक्षाची भिंत आणि बाहेरचा पाणी धरणारा खडक यांच्यात मिठाचा जेमतेम काही मीटरचा पडदा उरला. ज्या मिठाच्या जाडीवर भरवसा ठेवायचा, ती जाडी आधीच विकली गेली होती.

शेजारचं उदाहरणही समोर होतं. त्याच टेकडीतली आसे–१ ही खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाण्यानं भरून गेली. आसे–३ सुद्धा पाण्यामुळे सोडून द्यावी लागली. म्हणजे तीन भावंडांपैकी दोन बुडालेली, आणि तिसरं कचऱ्यासाठी निवडलं. १९६५ मध्ये केंद्र सरकारनं ही खाण विकत घेतली आणि किरणोत्सर्गावर संशोधन करणाऱ्या आपल्या संस्थेकडे सोपवली. तयार शाफ्ट (खाली उतरायची उभी विहीर), तयार पोकळी, स्वस्तात. या निवडीत भूशास्त्रापेक्षा सोय जास्त बोलली, असं मला वाटतं.

पहिलं पिंप ते शेवटचं पिंप

४ एप्रिल १९६७ रोजी पहिली पिंपं खाली गेली. कागदोपत्री हे ‘प्रायोगिक’ साठवणस्थान होतं. मिठात कचरा कसा ठेवायचा हे शिकण्यासाठी ते काढलेलं होतं, आणि त्याचे परवाने मुख्यतः खाणकामाच्या कायद्याला धरून चालत होते. प्रयोग म्हटला की तो संपल्यावर आवरून ठेवायचा असतो. इथं मात्र १९७८ संपेपर्यंत १,२५,७८७ पिंपं आणि पेट्या आत गेल्या, सगळ्या मिळून सुमारे ४७ हजार घनमीटर. त्या पुन्हा वर आणण्याची कोणतीही सोय केलेली नव्हती. जवळपास निम्मी पिंपं कार्ल्सरुहेच्या अणुसंशोधन केंद्रातून आली. तिथं जळालेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा, म्हणजे त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढणारा, कारखाना होता, आणि वीजकेंद्रांच्या इंधनातले दीर्घायुषी अणू मोठ्या प्रमाणात आसेत पोचले ते याच वाटेनं. बाकीची युलिशचं संशोधन केंद्र, थेट अणुवीजकेंद्रं, इतर प्रयोगशाळा आणि उद्योगांकडून. १९७५ पर्यंत कचरा देणाऱ्याला ठेवणावळही पडत नव्हती.

पिंपं ठेवायची पद्धत बदलत गेली. आधी ती उभी रचत. मग आडवी, थप्पी लावून. मग वेग हवा म्हणून लोडर मिठाच्या उतारावर जाऊन पिंपं सरळ खाली लोटून द्यायचा, वर मीठ टाकायचं, आणि त्यावरून पुढची खेप. वरवर बेफिकिरी वाटते, पण यामागचं कारण नीट पाहिलं पाहिजे. पिंपं हातानं रचली की कामगार त्यांच्याजवळ जास्त वेळ राहतो, किरणोत्साराची जास्त मात्रा अंगावर घेतो. लोटून दिली की मात्रा कमी होते. कामगाराच्या हिताचा विचार झाला, आणि तो रास्तच होता. मात्र त्या विचारात पुढच्या शंभर वर्षांचा माणूस नव्हता. लोटलेली पिंपं वाकली, काही फुटली असणार, आणि मिठाच्या वजनाखाली एकमेकांत दाबली गेली.

मध्यम पातळीचा म्हणून जो कचरा अधिकृतपणे नोंदला गेला तो १९७२ ते १९७७ या काळात वेगळ्या कक्षात, ५११ मीटर खोलीवर गेला. वरच्या ४९० मीटरच्या कक्षातून जाड कवचाच्या साधनातून एकेक पिंप भोकातून खाली सोडायचे. खाली माणूस जात नसे. ही झाली ती १,२९३ पिंपं. बाकीची १,२४,४९४ ‘कमी पातळीची’, ७२५ आणि ७५० मीटरवरच्या बारा कक्षांत.

प्रतवारी : दोन वेगळे प्रश्न

किरणोत्सारी कचऱ्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. तो आज किती तीव्र आहे, हा पहिला. तो किती काळ तसा राहणार आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्र बाहेरून धरलं तरी मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मिळवायला आत काय आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते फक्त कचरा तयार करणाऱ्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं तरच कळतं.

दोन पिंपं डोळ्यांसमोर आणा, दोन्ही १९७२ मध्ये खाली गेलेली. पहिल्यात अणुभट्टीच्या नळ्यांतला गंजाचा गाळ आहे, त्यात कोबाल्ट–६०. तो तीव्र गॅमा किरण सोडतो. ते पत्र्यातून आरपार येतात, यंत्र जोरात ओरडतं, पिंप धोकादायक ठरतं. दुसऱ्यात पुनर्प्रक्रिया कारखान्यातल्या गाळण्या आणि हातमोजे आहेत, त्यांना प्लुटोनियम लागलेलं. प्लुटोनियमचे अल्फा कण कागदानंसुद्धा अडतात, पिंपाच्या पत्र्यानं तर नक्कीच. यंत्र जवळजवळ गप्प राहतं. दुसरं पिंप बिनघोर वाटतं.

आता ५३ वर्षं जाऊ द्या. कोबाल्ट–६० चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं आहे. इतक्या काळात ते दहा वेळा निम्मं झालं, म्हणजे मूळच्या हजाराव्या हिश्श्यावर आलं. पहिलं पिंप बरंचसं निवलं. प्लुटोनियम–२३९ चं अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षं. दर किलोमागे या अर्धशतकात फार तर दीड ग्रॅम कमी झालं. आणि त्याच्यासोबत प्लुटोनियम–२४१ असेल तर तो चौदा वर्षांच्या अर्धायुष्यानं अमेरिसियम–२४१ मध्ये बदलत गेला. अमेरिसियमही अल्फा सोडणारा आणि ४३२ वर्षांच्या अर्धायुष्याचा, म्हणजे पिंपातलं त्याचं प्रमाण या काळात वाढलं. तीव्रतेच्या क्रमात जे पिंप मागे होतं, ते टिकण्याच्या क्रमात सगळ्यांच्या पुढे आलं.

आसेत पिंप स्वीकारताना त्याच्या पृष्ठभागावरच्या मात्रेच्या दराला, म्हणजे तिथं तासाला किती मात्रा मिळते याला, मोठं वजन होतं. हे मोजमाप चूक नाही. पिंप उचलणाऱ्या, गाडीत चढवणाऱ्या माणसासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. चूक झाली ती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावण्यात. वाहतुकीसाठी केलेली विभागणी कायमच्या साठवणीसाठी वापरली गेली.

काँक्रीटच्या कवचाची गोष्ट यातूनच निघाली. एखाद्या पिंपाचा दर मर्यादेच्या वर गेला, तर त्याला मध्यम पातळीच्या वाटेनं पाठवावं लागे. ती वाट खर्चिक आणि हळू होती. त्याऐवजी दोनशे लिटरचं पिंप मोठ्या आवरणात बसवून भोवती काँक्रीट ओतायचे. हे कवच पिंपाबरोबरच खाली जायचं, परत येणारं नव्हतं. जर्मन खाणीच्या बोलीत त्याला ‘गमावलेलं’ कवच म्हणतात. कवचाबाहेर यंत्र धरलं की दर मर्यादेत. अशी १४,७७९ पिंपं कमी पातळीच्या रांगेत उभी राहिली. नियमाचं अक्षर पाळलं गेलं होतं. कामगारालाही त्याचा फायदाच झाला. पण काँक्रीटनं फक्त किरण अडवले. आतला कचरा जेवढा होता तेवढाच राहिला, आणि काँक्रीट खाऱ्या पाण्यात किती वर्षं टिकेल हा प्रश्न त्या वेळच्या मोजणीत नव्हताच.

प्लुटोनियमचा हिशोबही असाच सरकला. २००९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की खाणीत सुमारे २८ किलो प्लुटोनियम आहे, आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा हे उघड झालं. आर्सेनिक आणि शिसं यांसारखे किरणोत्साराशी संबंध नसलेले विषारी पदार्थही यादीत निघाले. आर्सेनिकला अर्धायुष्य नसतं, ते तसंच राहतं.

आज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था २००९ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत कचऱ्याचे सहा वर्ग करते : नियंत्रणातून सूट मिळण्याजोगा, अत्यल्पायुषी, अत्यंत कमी पातळीचा, कमी, मध्यम आणि उच्च पातळीचा. या वर्गवारीचा कणा म्हणजे हा कचरा अखेर कुठे आणि किती खोल ठेवायचा आहे. कमी पातळीचा जमिनीलगत बांधलेल्या खंदकांत, काहीशे वर्षं देखरेखीखाली. मध्यम पातळीत दीर्घायुषी अणू जास्त, म्हणून त्याला अधिक खोली हवी. आतल्या घटकाचं आयुष्य इथं मोजलं जातं. जर्मनीनं तर कमी–मध्यम–उच्च ही भाषाच मागे ठेवून ‘उष्णता देणारा’ आणि ‘नगण्य उष्णता देणारा’ अशी विभागणी केली. तिथं सगळाच कचरा खोल पुरायचं धोरण असल्यामुळे खडक किती तापेल हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडचा तपशील इथं सांगायला हवा. भारतात घन कचऱ्याची विभागणी पृष्ठभागावरच्या दरानं होते : ताशी २ मिलिग्रेपर्यंत (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) पहिला वर्ग, २ ते २० दुसरा, त्यावर तिसरा. पण अल्फा सोडणाऱ्या कचऱ्याला चौथा, स्वतंत्र वर्ग आहे, मग त्याचा बाहेरचा दर कितीही कमी असो. पालघर जिल्ह्यात तारापूरला पहिल्या तीन वर्गांसाठी खंदक, सळईकाँक्रीटचे हौद आणि जमिनीत उभ्या बसवलेल्या नळकांड्यांच्या विहिरी आहेत. चौथ्या वर्गाला तिथं जागा नाही, तो खोल साठवणीची वाट पाहत वेगळा ठेवावा लागतो. पुनर्प्रक्रियेतून निघणारा उच्च पातळीचा द्रव काचेत गोठवून तिथल्याच हवेशीर तळघरात थंड होत ठेवला जातो. भारतात खोल साठवणस्थान अजून नाही. त्या चौथ्या रकान्याची किंमत आसेकडे पाहिलं की कळते, म्हणून हा उल्लेख.

पाणी

१९८८ पासून आसेत बाहेरच्या खडकातून खारं पाणी सतत झिरपतं आहे. दिवसाला साधारण १२ घनमीटर, म्हणजे १२ हजार लिटर. एका मोठ्या टँकरइतकं. अवाढव्य खाणीत एवढं पाणी बुडवणारं वाटत नाही. पण मिठाच्या खाणीत पाण्याचा हिशोब लिटरांत संपत नाही.

मिठानं तृप्त झालेलं पाणी साधं मीठ आणखी विरघळवू शकत नाही. तिथपर्यंत दिलासा आहे. आसेत मात्र साध्या मिठाच्या शेजारी कार्नलाइट हे पोटॅश–मॅग्नेशियमचं खनिज आहे, आणि मिठानं तृप्त पाणीही कार्नलाइट खाऊ शकतं. त्यामुळे पाणी कोणत्या वाटेनं जातं आणि वाटेत काय विरघळवतं यावर खांब उभे राहतील की नाही हे अवलंबून आहे. दुसरीकडे दक्षिण बाजूचा डोंगर रिकाम्या कक्षांवर दाब टाकत सरकतोच आहे. जितका तो सरकतो तितक्या बाहेरच्या खडकात भेगा उघडतात, आणि पाण्याला नव्या वाटा मिळतात. १९९५ ते २००४ या काळात रोनेनबेर्गच्या जुन्या पोटॅश खाणीच्या ढिगातलं वीस लाख टनांहून जास्त मीठ आणून रिकामे कक्ष भरले गेले. सरकणं मंदावलं, थांबलं नाही. फुंकून भरलेलं मीठ सैल असतं. डोंगराला ते टेकू देऊ लागायला आधी दाबून घट्ट व्हावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात.

पाण्याचा मोठा भाग ६५८ मीटरवर, कचऱ्यापर्यंत पोचायच्या आत, पकडून वर काढला जायचा. २०२४ मध्ये तिथं जमणारं पाणी घटलं आणि आणखी खाली, कचऱ्याच्या कक्षांच्या दिशेनं ते दिसू लागलं. ज्या वाटेवर ३० वर्षं पहारा ठेवला, ती वाटच पाण्यानं बदलली. खाणीवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात चिंतेची गोष्ट आहे.

२००८ : विश्वास तुटला तो दिवस

२००८ च्या उन्हाळ्यात उघड झालं की ७५० मीटरवर कक्ष १२ च्या समोर सीझियम–१३७ मिसळलेलं खारं पाणी वर्षानुवर्षं साचत होतं, परवान्याशिवाय चालणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि चालक संस्था ते खाणीच्या आणखी खालच्या भागात नेऊन सोडत होती. त्यासाठी लागणारा किरणोत्सर्ग–सुरक्षेचा परवाना नव्हता. मोजमापं होती, अहवाल होते, पण ते वर पोचले नव्हते, आणि गावाला तर काहीच माहीत नव्हतं.

तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री झिगमार गाब्रिएल यांनी खाण संशोधन संस्थेकडून काढून घेण्याचा निर्णय रेटला. १ जानेवारी २००९ पासून ती केंद्रीय किरणोत्सर्ग सुरक्षा कार्यालयाकडे गेली आणि तिला अणुकायदा लागू झाला. म्हणजे ज्या जागेत सव्वा लाख पिंपं किरणोत्सारी कचरा आहे, ती पहिलं पिंप उतरल्यावर चार दशकांहून जास्त काळानं अणुस्थान मानली गेली. या विलंबाचा मला मनापासून राग येतो. ‘प्रयोग’ या एका शब्दानं इतकी वर्षं कायद्याला दाराबाहेर उभं ठेवलं.

लोक गप्प नव्हते. १९७९ मध्येच एका अभियंत्यानं खाण बुडण्याच्या धोक्यावर अभ्यास लिहिला होता. त्याला अशास्त्रीय ठरवून बाजूला सारलं गेलं. पुढे वोल्फेनब्युटेल भागात अंगणांत, शेताच्या कडेला, कुंपणांवर निषेधाची खूण म्हणून लाकडाचे पिवळे ‘A’ उभे राहिले. २६ फेब्रुवारी २००९ च्या संध्याकाळी ब्राउनश्वाइगपासून आसेवरून कोनराड या कचऱ्यासाठीच निवडलेल्या दुसऱ्या खाणीपर्यंत ५२ किलोमीटरची दिव्यांची साखळी झाली, पंधरा हजारांच्या आसपास माणसं उभी होती. लोअर सॅक्सनीच्या कर्करोग नोंदवहीत २०१० मध्ये आसे परिसरातल्या पुरुषांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेच्या दुपटीच्या आसपास दिसलं. खाणीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि जे सिद्ध झालं नाही ते मी सिद्ध झाल्यासारखं सांगणार नाही. पण ज्या गावाला पाण्याची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली नाही, त्या गावानं ‘संबंध नाही’ हे वाक्य सहज मान्य करावं अशी अपेक्षा कशी ठेवायची? २००८ पासून स्थानिक प्रतिनिधींचा एक गट निर्णयप्रक्रियेत बसतो. त्याची भांडणं चालू असतात, आणि ती चालू असणं चांगलं आहे.

तीन वाटा

नव्या चालकासमोर तीन पर्याय होते. खाण पूर्ण भरून, विशेष काँक्रीट आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणानं, आहे तिथंच बंद करायची. कचरा त्याच मिठात आणखी खोल नव्या कक्षांत हलवायचा. किंवा सगळा वर काढायचा.

१५ जानेवारी २०१० रोजी तिसरा पर्याय निवडला गेला. कारण साधं होतं. कचरा आत ठेवला तर तो दीर्घकाळ सुरक्षित राहील हे सिद्ध करता आलं पाहिजे. आत नक्की काय आहे आणि पाणी कुठून कुठे जाणार हेच ठाऊक नसताना ते कुणालाही सिद्ध करता येत नव्हतं. इथं प्रतवारीचा प्रश्न पुन्हा येऊन उभा राहतो. पिंपांच्या नोंदी विश्वासार्ह असत्या, कमी काळाचा आणि दीर्घ काळाचा कचरा वेगळ्या कक्षांत असता, तर काही कक्ष आहेत तिथंच ठेवायचा विचार तरी करता आला असता. सगळं एकत्र लोटल्यामुळे निवडही सगळं किंवा काहीच नाही अशी झाली.

२०१३ मध्ये जर्मन संसदेनं आसेसाठी खास कायदा केला, परत काढणं हे त्यात उद्दिष्ट म्हणून लिहिलं. २०१२ पासून कक्ष ७ मध्ये शोधछिद्रं पाडायचं काम सुरू झालेलंच होतं. बंद कक्षात कुठला वायू आहे, छत कुठवर खाली आलं आहे, पिंपं कशा अवस्थेत आहेत हे पाहायला. २०१७ पासून खाण कचरा साठवणीसाठीच स्थापन केलेल्या केंद्रीय कंपनीकडे आहे. योजनेनुसार नवा शाफ्ट खणायचा, दूरनियंत्रित यंत्रांनी कक्ष उघडायचे, फुटलेली पिंपं आणि त्यांना लागलेलं मीठ एकत्र उचलायचं. काढायला सुरुवात करायचं उद्दिष्ट वर्ष २०३३ ठरवलं गेलं.

या योजनेवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. परत काढताना कामगारांना मात्रा मिळणार, ती आज नक्की मिळणार, आणि त्या बदल्यात टळणारा धोका शतकांनंतरचा आहे. काही तज्ज्ञांना भरून बंद करणंच शहाणपणाचं वाटतं. काम सुरू असताना खाणीनं दगा दिला, पाणी अचानक वाढलं, तर काय, यासाठी आणीबाणीची वेगळी योजना ठेवावी लागते आणि तिची पूर्वतयारी मूळ कामाच्या बरोबरीनंच चालते. माझं मत तरीही परत काढण्याच्या बाजूनं आहे. ज्या निर्णयाला कुणी पुरावा देऊ शकत नाही तो निर्णय पुढच्या पिढ्यांवर सोडून जायचा हक्क आपल्याला नाही, इतकंच माझं म्हणणं.

वर आल्यावर

४७ हजार घनमीटर कचरा आत गेला. बाहेर येईल तेव्हा दूषित मीठ, नवी वेष्टणं आणि प्रक्रिया धरून तो सुमारे दोन लाख घनमीटर होईल असा अंदाज आहे, म्हणजे चौपटीहून जास्त. तो आधी खाणीजवळच तपासला, वाळवला, पुन्हा पिंपांत भरला आणि तात्पुरता ठेवला जाणार. हे तात्पुरतं कोठार आसेच्याच शेजारी असावं की दूर, यावर गाव आणि सरकार यांच्यात कडवा वाद झाला. गावाचं म्हणणं, आम्ही पुरेसं सोसलं. कंपनीचं म्हणणं, लांब नेलं तर वाहतुकीत कामगारांना आणि रस्त्याला धोका. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कायमची जागा मात्र ठरलेली नाही. नगण्य उष्णता देणाऱ्या कचऱ्यासाठी झाल्त्सगिटरची कोनराड ही जुनी लोहखाण तयार होते आहे. तिचा परवाना सुमारे ३ लाख ३ हजार घनमीटरचा आहे आणि त्यात आसेचा कचरा धरलेला नाही. जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्या पाडतानाचा कचराही कोनराडकडेच जायचा आहे. त्यामुळे उच्च पातळीच्या कचऱ्यासाठी देशभर जी जागा शोधली जाते आहे, तिथंच आसेच्या कचऱ्याचीही सोय होईल का हे तपासायचं असं ठरलं आहे. त्यासाठी आधी अनेक वर्षं विचारात असलेला गोर्लेबेनचा मिठाचा डोंगर त्या शोधातून २०२० मध्ये बाद झाला.

वर येणाऱ्या प्रत्येक खेपेची आता नव्यानं मोजणी होईल. या वेळी फक्त बाहेरून यंत्र धरून चालणार नाही. नमुना काढून अल्फा वेगळे, सीझियम वेगळा, प्लुटोनियम आणि अमेरिसियम वेगळे, आर्सेनिकही वेगळं. १९७२ मध्ये ज्या हातमोज्यांच्या पिंपावर कमी आकडा लिहून ते लोटून दिलं, त्याचं झाकण उघडून आत काय आहे ते पहिल्यांदाच कुणी नीट लिहून काढेल.